खडकातलं उखळ

समुद्रकिनाऱ्यावरून परतणाऱ्या बसच्या रांगेत, खडकावरच्या फलकाचा नुकताच फोटो काढलेल्या शिक्षिकेच्या कानावर पुढच्या दोघी म्हाताऱ्या जावांचं बोलणं पडलं.

"वाचलास तो फलक? 'हजारो वर्षं लाटांनी कोरलेला नैसर्गिक खळगा' म्हणे! अगं, उखळ आहे ते आपलं!"

"जाऊ द्या हो, ताई."

"जाऊ दे काय! मासेमारीची जाळी रंगवायला सासूबाईंनी जन्मभर त्यात झाडाची साल कुटली. त्यांच्या सासूनंही तिथंच कुटली. घट्टे पडले बायकांच्या हातांना, आणि मोठेपणा समुद्राला?"

"मग रखवालदाराला सांगायचं ना."

"सांगितलं की! आत हात घालून दाखवायला गेले, तर शिट्टी मारली मेल्यानं."

"का?"

"म्हणाला, आजी, हात लावू नका, दगड झिजतो."