गप्प गेंडा ऑनलाइन आहे

— नाही नाही, ताई, ठेवू नका तो डबा परत, असू द्या हातात. किती हलका लागतोय, नाही? हलवून बघा. वाजतंय काही? नाही वाजणार, आत डिस्क नाहीच मुळी. आत कागदाचा एक चिटोरा आहे, त्यावर आकडे आणि अक्षरं, ती घरी जाऊन मशीनमध्ये भरायची, की मग गेम नेटवरून उतरतो तुमच्या बाबांकडे. म्हणजे बघा, डिस्का विकता विकता केस पिकले आणि आता मी रिकामे डबे विकतो. हसा, हसा, सगळेच हसतात. पण डाउनलोड घ्यावा की डिस्क, असं विचारलंत ना तुम्ही — तर त्याचं उत्तर आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट शब्द न् शब्द खरी आहे, अगदी गळ्याशपथ. डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे — पाहिलेली कसं म्हणू, डॉक्टर त्यांच्या घरी होते आणि मी माझ्या — पण कानांनी ऐकलेली तरी नक्कीच. बसा ना. त्या स्टुलावर नको, या इकडच्या. ते डॉक्टरांचं आहे.

एक काळ होता, नवा गेम यायच्या दिवशी इथून रांग निघायची ती त्या चष्म्यांच्या दुकानापर्यंत. त्या रांगेत दोन लग्नं जमली आहेत. बरं, एक जमलं. दुसरं मोडलं, पण मोडलं रांगेतच, म्हणजे रांग होती हे सिद्ध झालं की नाही? लोक जुनी डिस्क आणायचे, मी ती अशी ट्यूबलाइटखाली तिरकी धरायचो — तिरकी धरली की चरे दिसतात — आणि चऱ्यांवरून माणूस सांगायचो. गोल चरा असला की मशीन चालू असताना हलवलंय. आडवा असला की घरात भांडण झालंय. एका बाईंनी आणली होती तिच्यावर मांजराच्या दातांच्या खुणा होत्या, आणि तरी चालली, फक्त गेममधली माणसं अधूनमधून दचकायची. नका विश्वास ठेवू. पण डिस्क म्हणजे काय, तर वस्तू. कंटाळा आला, आणून दिली, वर थोडे टाकून दुसरी नेली. मित्राला दिली, मित्राने परत केली नाही, त्यावरून वर्षभर बोलणं बंद — याला म्हणतात आपली वस्तू असणं! डाउनलोडमध्ये तुम्ही विकत काय घेता? खेळायची परवानगी. ती उसनी देता येत नाही, जुन्या बाजारात विकता येत नाही, आणि पासवर्ड विसरलात तर तुमचाच गेम तुम्हाला दारात उभा करून विचारतो, आपण कोण? उद्या त्या दुकानाने ठरवलं की हा गेम काढून टाकायचा, तर तक्रार कोणाकडे करणार? तिथे काउंटरच नाही. माझ्याकडे निदान भांडायला मी आहे.

बरं, त्यांची बाजूही सांगतो, मी काही कोत्या मनाचा नाही. म्हणजे आहे, पण ते नंतर. घरबसल्या मिळतो, पावसापाण्याचं बाहेर पडायला नको. सेल, म्हणजे स्वस्ताई, लागली की असा स्वस्त देतात, असा देतात, की मला घाऊक बाजारात त्याच्या दुप्पट पडतो! चरा नाही, हरवणं नाही, मशीन बिघडलं तर नव्या मशीनवर पुन्हा उतरवून घ्या. शिवाय थोडा वेळ खेळून नाही आवडला तर पूर्ण पैसे परत देतात म्हणे — मी दिले का कधी परत? तोंड बघितलंय का माझं? आणि हल्ली डिस्क घातली तरी अर्धा गेम नेटवरूनच येतो, मशीन म्हणतं थांबा, उरलेला आणतो, आणि तुम्ही दोन वेळा जेवून आलात तरी ते आणतंच असतं. डाउनलोडचंही तसंच, पोटात जागा नसली की मशीन म्हणतं आधी जुना काढा. काय म्हणालात? डिस्कवाल्याला हे सगळं कसं ठाऊक? हुशार आहात. येतो, त्यावरच येतो.

तर डॉक्टर. समोर तो जिना दिसतो ना, निळा बल्ब? तो त्यांचा दवाखाना. दर शनिवारी शेवटचा पेशंट गेला की हात धुऊन थेट इथे, हाताला त्या लवंगेसारख्या औषधाचा वास, आणि त्या स्टुलावर. हा काउंटरवरचा टीव्ही, दोन कंट्रोलर, फुटबॉल. अर्धी उमर गेली आमची त्यात. मी जिंकायचो. नाही, फुशारकी नाही, माझी एक खोड आहे — समोरचा गोलकडे निघाला, की मी गोलकीपरला जागेवर ठेवतच नाही, पार पुढे धावत काढतो. वेडेपणा आहे तो, शहाणा माणूस करत नाही, पण डॉक्टर दर वेळी गडबडायचे आणि चेंडू बाहेर मारायचे. आणि मग ओरडायचे, "अहो मालक! गोलकीपर आहे की पोस्टमन? सारखा दारात काय येतो!" दर वेळी हेच, आणि दर वेळी आम्ही दोघंही हसायचो. माझ्या थापा ऐकायला या गावात हक्काचे कान होते ते तेवढेच. बायको म्हणायची, तुम्ही दोघं गिऱ्हाइकं घालवता. घालवत होतो. खुशाल घालवत होतो.

आणि मग एकदा ती स्वस्ताई लागली. डॉक्टरांनी आठवड्यात एवढे गेम घेतले घरबसल्या, की आयुष्यभर खेळले तरी संपायचे नाहीत. पहिल्या शनिवारी म्हणाले, जरा काम आहे. दुसऱ्या शनिवारी काहीच म्हणाले नाहीत. आता जाताना हात करतात. असा. बसमधून ओळखीचं कोणी दिसल्यावर करतात ना, तसा. मी म्हटलं जाऊ दे, माणूस दमत असेल, एकटाच खेळत असेल बिचारा. कसला एकटा! त्या डाउनलोडच्या दुकानात मित्रांची यादी असते, कोण खेळतंय, कोणाबरोबर खेळतंय, आजवर किती तास खेळलंय, सगळं जगाला दिसतं. मला दिसलं. माझ्याकडे किती बसले असतील त्याच्यापेक्षा जास्त तास! कोणाबरोबर, तर कोणी "वाघोबा", कोणी "लाथाड्या" — बारशाच्या दिवशी कोणी शुद्धीवर नव्हतं अशी नावं. अंगाचा नुसता तीळपापड झाला माझा. अहो, मला काय वाटलं सांगू? नवऱ्याच्या खिशात परक्या बाईचा रुमाल सापडला तर काय वाटेल, ते वाटलं. त्यांच्यासमोर असा कोण मोठा जंगलचा वाघोबा बसला होता, मला बघायचंच होतं.

म्हणून मी — हे बायकोला नका सांगू, ती मागच्या खोलीत माल लावतेय — मी माझ्याच दुकानातला फुटबॉलचा एक रिकामा डबा घेतला. शेल्फवरून उचलला, इकडे तिकडे बघितलं, चोरासारखा बिल न करता खिशात, मग लाज वाटली म्हणून केलं बिल. घरी जाऊन तो चिटोरा भरला, गेम उतरवला, आणि खातं उघडलं. नाव काय द्यायचं? स्वतःचं दिलं असतं तर डॉक्टर लाजेखातर खेळले असते, ते मला नको होतं. मी "गप्प गेंडा" दिलं. हसू नका. डॉक्टरांना खेळायचं निमंत्रण पाठवलं, त्यांनी लगेच घेतलंही. बोललो तर आवाज ओळखतील, म्हणून माइक बिघडलाय असं लिहून कळवलं. ते बोलणार, मी टाइप करणार. आणि मला माझ्या खोडीची धास्ती, म्हणून गोलकीपर मुद्दाम जागेवर खिळवून ठेवला, आणि हरलो. हरलो, पुन्हा हरलो, हरतच गेलो. डॉक्टर खूश! "वा रे गेंड्या!" तिसऱ्या दिवशी, ताई — तिसऱ्या! — "अरे गेंड्या, तू भारी माणूस आहेस, गप्प बसतोस ते फार बरं, नाहीतर दिवसभर पेशंट कण्हतात आणि लोक डोकं खातात." माझ्याशी उभ्या आयुष्यात "अहो मालक"च्या खाली उतरले नाहीत, आणि या गेंड्याला तिसऱ्या दिवशी अरे! मुलीच्या परीक्षेची काळजी गेंड्याला सांगितली. पाठ धरते ते गेंड्याला सांगितलं. दवाखाना विकायचं मनात येतं कधीकधी, तेही गेंड्याला! मी दिवसभर त्यांच्या समोर बसतो, माझ्या दारातून त्यांचा दिवा दिसतो, आणि मला त्यातलं अक्षर ठाऊक नाही. म्हणजे आहे, मलाच सांगितलं ना — पण मला नाही सांगितलं. कळतंय का तुम्हाला? वाघोबा आणि लाथाड्या राहिले बाजूला. मी जळायला लागलो तो गेंड्यावर. माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच पैशांनी घेतलेला गेम खेळून, माझा मित्र पळवला त्या मेल्याने!

एक दिवस म्हटलं, बस झालं. आज आपला खेळ खेळायचा. डॉक्टर चेंडू घेऊन निघाले, आणि मी काढला गोलकीपर, पार पुढे, दारात आलेल्या पोस्टमनसारखा. डॉक्टर गडबडले. चेंडू बाहेर! पुन्हा निघाले, पुन्हा काढला. पुन्हा बाहेर! मी हेडफोन कानांवर घट्ट दाबला. माझं काळीज असं धडधडतंय, माइक असता तर ऐकू गेलं असतं. आणि मग, ताई, डॉक्टर हळूच म्हणाले, "गेंड्या, तू आमच्या मालकासारखा खेळतोस रे." मी टाइप केलं, कोण मालक? तर सुरूच झाले. म्हणाले, दवाखान्यासमोर गेमचं दुकान आहे, तिथला मालक एक नंबरचा थापाड्या, त्याच्या दुकानात मांजरं डिस्का चावतात, पण माणूस लाख मोलाचा. फार दिवस गेलो नाही, आता जायला लाज वाटते, दिवस जितके जास्त जातात तितकी लाज वाढते. मग म्हणाले, असं करू, तू ये रविवारी, तुझ्या निमित्ताने मीही जातो. त्याच्याकडे माझं एक स्टूल आहे, अजून ठेवलं असेल का रे त्याने? — हे शब्द, ताई. हेच. मी दुसऱ्या दिवशी स्टुलाचा ढिला पाय ठोकून घेतला. काउंटर पुसला. दोन्ही कंट्रोलर चार्ज केले.

काय?

रविवारी आले का, म्हणता.

थांबा, तुमच्या बाबांचं आधी बघू. एक विचारतो. त्यांचे खेळणारे मित्र लांब राहतात, की जवळ? लांब असतील तर हा रिकामा डबाच न्या, यादीत मित्राच्या नावापुढे दिवा लागलेला दिसला तरी माणसाला बरं वाटतं, मी बघतो ना. जवळ असतील तर ही न्या, जुनी आहे, चरा नाही, ट्यूबलाइटखाली धरून दाखवतो, आणि सोबत एक दुसरा कंट्रोलर. दुसरा कोणी येवो न येवो, ठेवायचा तयार. मित्र नसले तर तुम्ही बसा बाजूला. नाही येत खेळता? बरंच आहे, हरा. त्यांना आवडेल.

हं. रविवार. आता शपथ घेतलीय तर सांगतोच. मांजर खरं होतं. मुलीची परीक्षा, पाठ, दवाखाना, सगळं खरं. मी गोलकीपर पुढे काढला तेही खरं, आणि चेंडू दोनदा बाहेर गेला तेही. पण डॉक्टर "मालकासारखा" म्हणाले ना, ते मी जोडलं. ते आणि त्याच्या पुढचं सगळं, स्टुलासकट. मी वाट बघितली, आणि डॉक्टर म्हणाले, "भारी रे. अजून एक?" बस. इतके महिने झाले, ताई, त्या माणसाने गेंड्याजवळ दुनियेतलं सगळं काढलं, माझा विषय एकदाही नाही. वाईटसुद्धा नाही काही बोलले. थापाड्या म्हणाले असते तरी चाललं असतं.

स्टुलाचा पाय मात्र खरंच ठोकून घेतला हं. बघा, डुगडुगत नाही.

चला, उठा आता. बिल उद्या करू, डिस्क न्या, पळून कुठे जाताय. तो निळा बल्ब विझला बघा समोर, म्हणजे डॉक्टर घरी निघाले. मला शटर ओढायचंय. घरी पोचले की हेडफोन लावतात आणि पाच मिनिटं जरी उशीर झाला तरी विचारत बसतात, गेंड्या कुठाय, गेंड्या कुठाय — अहो, ताई, ऐकलं ना, बंद झालं दुकान!