हॉल नाय शेठ, दरी हाय

...आणि वर तो शेठ मला विचारतो, "हॉल केवढा आहे?" आता काय सांगू ह्याला? महाडच्या बाजारपेठेत, भर उन्हात, काखेत ऑक्टोपॅड घेऊन मी सकाळपासून दुकानं फिरतोय, शर्ट पाठीला चिकटलाय, आणि जाईल तिथं पहिला प्रश्न हाच. हॉल केवढा, माणसं किती बसणार, पंखे हायत का... म्हटलं, "हॉल नाय शेठ, दरी हाय." शेठनं चष्मा नाकावर खाली घेतला. "दरी?" म्हटलं, व्हय, दरी! ह्या डोंगरावर आमची वाडी, समोरच्या डोंगरावर काकाची वाडी, मध्ये दरी, दरीत वहाळ. अल्याड वाजवलं की पल्याड ऐकू गेलं पायजे, असा स्पीकर द्या. त्यावर शेठ काय म्हणतो? "मग फोन का नाही करत?"

हसू नका. तुम्हाला सांगतो, फोन करता आला असता तर मी स्पीकरच्या फंदात पडलो असतो का?

आता ऑक्टोपॅड म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाय त्यांच्यासाठी सांगतो. सुटकेसएवढी पेटी, वर आठ रबरी चौकोन. काठी मारली की एकातनं ढोल, एकातनं ताशा, एकातनं झांज, एकातनं तर कुत्रं भुंकतं! मुंबईला होतो तेव्हा बेंजो पार्टीत वाजवायचो, पार्टी मोडली, पेटी माझ्याकडे आली, तीच घेऊन पोलादपूरला उतरलो. राजासारखा! वाडीतली झाडून सगळी माणसं अंगणात जमली. मी ऐटीत काठ्या फिरवल्या, मारली पहिली काठी... टप. दुसरी... टप. शेजारची म्हातारी प्रयागबाई म्हणाली, "भाकऱ्या थापतोय का रं ह्यो?" कारण स्पीकर नाय ना! स्पीकर नसेल तर ऑक्टोपॅड म्हणजे नुसतं रबर. मग मी डोकं चालवलं आणि आयच्या टेपरेकॉर्डरला तार जोडली. एक ठोका, एकच... धप्प... आणि टेपच्या स्पीकरचा कागद टराटर फाटला. तेव्हापासून आयच्या सगळ्या कॅसेटी घसा बसल्यासारख्या वाजतात, आणि कॅसेट लावली रे लावली की आय माझ्याकडे बघते. बोलत नाय. नुसती बघते!

पण मुद्दा तो नाय. मुद्दा हा, की आवाज पल्याड गेला पायजे.

का गेला पायजे? सांगतो ना, दम धरा. आमचा बाबा, रावजी, सनई वाजवायचा. पल्याडचा महिपती काका, बाबाचा सख्खा धाकटा भाऊ, ढोल वाजवायचा. पंचक्रोशीत लग्न म्हटलं की हे दोघं. आणि एकदा एका हळदीत वाजवता वाजवता बाबा म्हणाला, "म्हैपती, ठेका पळवतोस तू." काका म्हणाला, "मी नाय पळवत दादा, तुझा दम तुटतो." झालं! संपलं! बाकी कायसुद्धा नाय. वाटणी आधीच झालेली, ती सुखानं झालेली, जमिनीवरनं भांडण नाय, गुरांवरनं भांडण नाय, ठेका पळतो का दम तुटतो यावरनं दोन भावांनी वर्षानुवर्षं तोंड बघितलं नाय. ढोल तिकडं खुंटीला, सनई इकडं खुंटीला. लोकांनी किती समजावलं. बाबा म्हणायचा, आधी त्याला ठेक्यात येऊ दे. काका म्हणायचा, आधी त्याला दमात येऊ दे.

आणि अशात आमच्या मंजुळेचं लग्न ठरलं. माझी धाकटी बहीण. पोर काकाच्या खांद्यावर बसून वाढलेली, काकाच्या ढोलावर ताल धरत चालायला शिकलेली. ती रडली नाय, भांडली नाय, एवढंच म्हणाली, "दादा, काका नसला तर माझी हळद मुकी जाईल रे." मी म्हटलं, मी जातो पल्याड, आवतान देऊन येतो. बाबा म्हणाला, "माझ्या घरातलं आवतान त्याच्या उंबऱ्यावर जाणार नाय." तिकडनं काकाचा निरोप आला की आवतानाशिवाय तो वहाळ ओलांडणार नाय. आता घ्या! एक पाठवणार नाय, दुसरा आल्याशिवाय राहणार नाय... म्हणजे आवतान आल्याशिवाय येणार नाय! माझीपण जीभ वळेना बघा.

तेव्हा आय बोलली. चुलीपुढनं, मागं न बघता. "आपल्यात हळदीचं वाजप ज्याच्या कानावर गेलं, त्याला आवतान पोचलं. वेगळं कुणी जात नाय सांगायला." बाबानं ऐकलं. सनई खुंटीवरनं काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि परत खुंटीला लावली.

पण नुसती सनई पल्याड कुठली जायला? बाबाचा दम आता वाडीच्या खालच्या फणसापर्यंत. पल्याड जायचा तो ढोल, आणि ढोलच पल्याड! म्हणून ऑक्टोपॅड. आणि म्हणून स्पीकर. आलं ध्यानात? आवाज पल्याड गेला पायजे!

तर मी माझा दोस्त सुधीर गाठला. दासगावचा, मंडप-डेकोरेशनवाला. सुधीरकडं कुठल्याही रोगावर एकच औषध, कर्णा. तो जत्रेत झाडावर बांधतात ना, "तुडीलचं पोर हरवलंय, निळी चड्डी घातलेली हाय," तो. म्हणाला, "परवीन, कर्ण्यासारखं लांब दुसरं काय जात नाय." खरं हाय! लावला. मी ढोलाच्या रबरावर मारली काठी आणि कर्ण्यातनं आवाज आला... टिंग. रॉकेलचा डबा जिन्यावरनं पडावा तसा. झांज मारली, टिंग. कुत्र्याचं रबर मारलं, कुत्रंसुद्धा पत्र्याचं! पल्याड गेला असता आवाज, शंभर टक्के गेला असता, पण काकानं तो ऐकून आवतान समजायचं का भांड्यांचा कल्हईवाला आला समजायचं?

मग सुधीरनं दुसरं टोक गाठलं. नुसता बेसचा डबा, कपाटाएवढा. "छातीत धडधडलं पायजे," म्हणाला. धडधडलं! सुधीरच्या घरात फळीवरनं बरणी पडली, कोंबड्या उडाल्या, त्याची म्हातारी देव्हाऱ्यापुढं जाऊन बसली. मी लांब रस्त्यावर जाऊन उभा राहिलो... कायच नाय. जवळ भूकंप आणि लांब शांतता! म्हटलं, सुधीर, छातीत नको रे बाबा, दरीत पायजे.

म्हणून मग महाड, म्हणून मग हा शेठ. बरं, शेठ माणूस वाईट नाय. म्हणाला, वर कर्णा आणि खाली पंधरा इंची स्पीकर, दोन्ही एकाच खोक्यात असतं ते घ्या, ढोल ढोलासारखा वाजेल आणि लांबपण जाईल. आणि ॲम्प्लिफायर स्पीकरला पेलेल एवढाच घ्या, नायतर ह्याचापण कागद फाटेल. "ह्याचापण"! म्हणजे ह्याला आयची टेप माहिती की काय? मी म्हटलं, लांब जातो हे बघायचंय. बरोबर आलेल्या सुधीरला पाठवलं एसटी स्टँडवर, म्हटलं ऐकू आलं की हात कर. अरे पण स्टँडवरनं दुकान दिसत नाय हे दोघांच्याही डोक्यात आलं नाय! तो तिकडं हात करून उभा, मी इकडं बडवतोय, बाजारातली माणसं दुकानापुढं जमली, एक बाई आपल्या पोराला घेऊन नाचायला लागली, शेठ कानात बोटं घालून म्हणतोय, "घ्या हो, घ्या आणि जा!" शेवटी सुधीरच आला धावत. म्हणाला, "स्टँडवरचे कंडक्टर ठेका धरून तिकिटं फाडतायत." म्हटलं, बांधा!

आता हा स्पीकर डोंगरावर न्यायचा. रस्ता खाली संपतो. वर पाखाडी, दगडी पायऱ्या, त्यापण अर्ध्या गायब. आमच्यात आजारी माणूस खाली आणायला डोली असते, दोन बांबू आणि घोंगडी. त्या डोलीत आम्ही स्पीकर घातला, वळवाचा पाऊस नको लागायला म्हणून वरनं चादर टाकली, आणि चौघं जण निघालो वर. डोली आजवर खाली जाताना बघितलेली, वर येताना कुणी बघितली नाय! वाटेत प्रयागबाई लाकडं घेऊन बसलेली. हात जोडून उभी राहिली. "कोण हाय रं? बरं वाटलं का त्याला?" मी दमलेला, तोंडातनं शब्द फुटेना, नुसती मान हलवली. म्हातारी चादरीला म्हणाली, "घरची हवा लागली की बोलायला लागशील हो." काय आशीर्वाद दिला बघा म्हातारीनं! पण स्पीकर बोलला का? बोलला का तो? ऐका पुढं.

हळदीचा दिवस. मंजुळा पाटावर, पिवळीधमक. बायका गाणी म्हणतायत. स्पीकर मी अंगणाच्या दगडी गडग्यावर चढवलेला, तोंड थेट पल्याडच्या डोंगराकडं. तारा लावल्या, ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागला, बाबा सनई घेऊन बाजूला बसलेला, बघत नाय असं दाखवत सगळं बघतोय. मी काठ्या उचलल्या आणि...

लाइट गेली.

आता हिला काय म्हणावं? सकाळपासून होती! आदल्या दिवसापासून होती! मी ॲम्प्लिफायर हलवला, वायरमनच्या नावानं शंख केला, सुधीर खांबाकडं धावत गेला, जसा काय खांब त्याचं ऐकतो. मंजुळेनं एकदा पल्याड बघितलं, मग खाली बघितलं, आणि म्हणाली, "वाजव दादा. तसंच वाजव." मी रबरावर वाजवायला लागलो. टप टप टप टप. पोरं खिदळतायत. आणि मग बाबानं सनई तोंडाला लावली. इतक्या वर्षांनी! पातळ सूर, मध्येच तुटणारा, आणि माझं टप टप. खालच्या फणसापर्यंत नाय, अंगणाबाहेरसुद्धा गेलं नसेल ते वाजप.

पान लावून तोंडात घालायला लागतो ना, तेवढापण वेळ झाला नसेल. आणि खालनं पाखाडीवरनं डोकं वर आलं. पांढरी टोपी, कडक इस्त्री. मग सदरा, तोपण कडक. मग गळ्यात अडकवलेला ढोल. महिपती काका! मागनं काकी, हातात मंजुळेसाठी साडी, खणानारळाचं ताट. मी बघतच राहिलो. पल्याडनं उतरून वहाळ ओलांडून आमच्या वाडीवर चढायला सकाळची न्याहारी जिरते. आणि आम्ही तर आत्ता सुरू केलेलं!

काका अंगणात आला, धापा टाकत. बाबाकडं न बघता, सनईकडं बघत म्हणाला, "दादा, वाजप कानावर आलं. म्हणून आलो. आवतान पोचलं मला."

बाबानं स्पीकरकडं बघितलं. मग वर विजेच्या बल्बकडं बघितलं, विझलेल्या. आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "यायचंच कानावर. केवढा स्पीकर आणलाय पोरानं."

मी म्हणायला गेलो, "अरे पण काका, लाइट..." आणि आयनं माझ्या पायावर पाय दिला. असा दिला की अंगठा अजून दुखतो!

काकानं ढोलाला टिपरू लावलं. पहिला ठोका पडला आणि मंजुळेच्या डोळ्यांतनं धारा लागल्या, पिवळ्या हळदीत दोन गोऱ्या रेघा. वाजवता वाजवता काका म्हणाला, "दम अजून तुटतोच हां तुझा." बाबानं सनई बाजूला केली, म्हणाला, "ठेका अजून पळवतोसच तू." आणि दोघं म्हातारे असे हसले, असे हसले, की पुढं दोघांचंही तुटलं, पळालं, सगळंच झालं. आणि तो ढोल गेला ना आजूबाजूच्या डोंगरांवर! ज्याच्या ज्याच्या कानी पडला तो तो आला. आय भाताची हंडी पुन्हा पुन्हा चढवतेय, आणि तिला रागावताही येत नाय, कारण रिवाज कुणी काढला?

आता तुम्हाला वाटेल, संपलं, गोड झालं. अहो, माझं काय झालं ते ऐका की! जेवणं चालू असताना लाइट आली. मी म्हटलं, एवढा आणलाय तर एकदा तरी. मारली काठी... धडाम! दरी घुमली. काका पंगतीतनं उठून उष्ट्या हातानं आला. "हे काय रं?" म्हटलं, ढोल. "आणि हे?" ताशा. "आणि ह्यो?" कुत्रा. काकानं कुत्रा मारला. भॉ! पल्याडच्या डोंगरावरनं उलट आला, भॉ! काकाच्या तोंडावर असं हसू मी जन्मात बघितलं नाय. हात धुऊन आला, काठ्या घेतल्या माझ्या हातातनं, आणि तुम्हाला सांगतो, त्या काठ्या मला आजतागायत परत मिळालेल्या नायत!

आता लग्न कुठलंही असो, म्होरं रावजीची सनई, बाजूला महिपतीचा ऑक्टोपॅड. दोघं भाऊ बिनओझ्याचे, स्पीकरला हात न लावता, भांडत भांडत, "पळवलास", "तुटला", ह्या डोंगरावरनं उतरतात, त्या डोंगरावर चढतात. लोक विचारतात, परवीन, तू काय वाजवतोस? काय सांगू?

आवाज पल्याड गेला पायजे म्हणत होतो ना मी? जातो. प्रत्येक लग्नाला जातो. माझ्या खांद्यावरनं.