छोटी टाकी

रुपराव : म्या सांगितलं ना तुले बळीराम, बोनट उघडू नको! दुपारी इतवारीतला भंगारवाला येऊन राहिला. शब्द देऊन बसलो मी त्याले.

बळीराम : येऊ दे गा. ही दुसरी टाकी म्या आपल्या हातानं बसवली, पेट्रोल महाग झालं तवा. पेट्रोलवर सुरू होणारी आन् घासलेटावर पळणारी गाडी साऱ्या सक्करदऱ्यात ही एकच. भंगारात तुकडे व्हायच्या आंधी पाहू तं दे, इले झालं काय.

रुपराव : इले काही नाही झालं. चुकलो तं मी. तूच शिकवलं होतं, बंद करायच्या आंधी कॉक फिरवून पेट्रोलवर आणायची, नाहीतर थंड झाल्यावर लागत नाही. मायले घेऊन रामटेकहून लग्न आटोपून आलो, थकलो होतो, कॉक राहून गेला. सकाळी मायच्या छातीत कळ उठली आन् गाडी लागली नाही. सायकल-रिक्षात टाकून मेडिकल दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेलं... जाऊ दे.

बळीराम : कॉक राह्यला हे तुले आठवते, का नुसतं धरून चालला?

रुपराव : आठवत नाही, म्हणूनच तं! फिरवला असता तं आठवलं असतं.

इंदूबाई : च्या घ्या भाऊजी. आन् विकू द्या ती गाडी. रोज दारात उभी दिसली का जीव खालवर होते.

बळीराम : वहिनी, तुम्हीबी? आठ महिने झाले, हा वाडीच्या गोदामात बोरे-पोते मोजून राहिला. याचा हात स्टेअरिंगचा हाय. तुम्हीच समजावलं पाहिजे याले.

इंदूबाई : मोजू द्या बोरे. माही मशीन चालू हाय, शिवणाचं काम येते. भागते आमचं.

बळीराम : एक सांग रुपराव. त्या दिवशी सेल्फ मारला तवा इंजनाचे ठोके पडले होते का?

रुपराव : पडले. दोन-चार पडले आन् गप्प झाली.

बळीराम : अरे बाप्पा! मंग घासलेट कुठून आलं गा? थंड इंजनात घासलेट असतं तं एक ठोका पडला नसता. तू कॉक फिरवला होता येड्या! होतं तेवढं पेट्रोल जळलं आन् संपलं.

रुपराव : संपन कसं? आदल्याच दिवशी पेट्रोलची छोटी टाकी गच्च भरली होती म्या.

बळीराम : मंग ये, ही नळी पाह्य. म्या तारेनं आवळली होती. तार नाही. दोरा गुंडाळला कोणीतरी.

रुपराव : दोरा? कायचा दोरा?

बळीराम : शिवायचा. पांढरा. तीन पदरी करून बांधला.

(इंदूबाई कपबश्या उचलायला वाकली, ती तिथंच खाली बसली.)

इंदूबाई : माह्या हातचा हाय तो.

रुपराव : काय बोलून राहिली वं?

इंदूबाई : मायच्या रेशमी लुगड्याले ग्रीसचा डाग पडला होता. गाडीच्या दाराचा. तुम्ही पयल्या कमाईतून घेतलं होतं ते लुगडं. माय म्हणे, "पेट्रोलनं डाग जाते म्हणतात, इंदू, वाटीभर काढून आण वं. त्याले नको सांगू, हळहळत बसन." त्या राती तुम्ही आडवे झाले होते. म्या नळी काढली, वाटीभर घेतलं. तार माह्यानं वळेना, म्हणून दोरा बांधला. वाटलं, बसली घट्ट.

बळीराम : ठिबकत राह्यलं असन मंग सकाळपर्यंत.

इंदूबाई : रिक्षा गेल्यावर पाह्यलं, गाडीखाली ओलं. चुलीतली राख आणून टाकली म्या त्याच्यावर. तिकडं माय जीव सोडून राहिली होती, आन् मी इकडं राख टाकून राहिली होती.

रुपराव : आठ महिने, इंदू! रोज म्हणे मी, माह्यानं गेली माय. तू भाकर वाढता वाढता ऐके.

इंदूबाई : ऐकलं जी. दोनदा ओठावर आलं. पण सांगायचं म्हणजे मायचं नाव घ्या. मेल्या माणसावर ढकलते, म्हणाल. आन् खरं सांगू? तुम्ही आपल्याले दोष देत होते, तवर मी सुटली होती. पापीण हाय मी.

बळीराम : असं नका बोलू वहिनी...

रुपराव : तू चूप राह्य बळीराम. दाराच्या बिजागरीले ग्रीस कोणी लावलं होतं?

बळीराम : तूच. लग्नाले जायचं, दार करकरते म्हणे.

रुपराव : बोट भरून थापलं होतं. माय म्हणाली, पुसून घे रे बापू. म्या म्हटलं, येऊन पुसतो.

इंदूबाई : आता ते कायले काढता जी?

रुपराव : तुह्यावर राग काढायले जागा पाहून राहिलो वं. फिरून फिरून दोष माह्याच दारात येते.

बळीराम : मंग मी काय करू गा? बोनट लावून टाकू?

रुपराव : तो डबा घे. लिटरभर पेट्रोल आण. भंगारवाल्याले मी वापस पाठवतो. आन् तारेचा तुकडा हाय का तुह्यापाशी?

बळीराम : हाय ना. हा घे.

रुपराव : दे. नळी मी आवळतो.

इंदूबाई : मी जाऊ का आत?

रुपराव : थांब. निघाला होता का वं डाग?

इंदूबाई : निघाला होता. वास तेवढा राह्यला होता पेट्रोलचा. शेवटी तेच लुगडं नेसवलं म्या मायले.

रुपराव : वास आला होता मले, खांदा देताना. मले वाटलं, माह्याच हाताचा हाय.