पर्स ठेवलेली खुर्ची

डेल : नळ कशाला सोडलायस, आयली? बेसिनमध्ये एक चमचासुद्धा नाही.

आयली : आतलं ऐकू येऊ नये म्हणून. या वाढायच्या खिडकीच्या फळ्या नीट मिटत नाहीत. सभा चालवणाऱ्या हॉलबर्गबाईंचा आवाज फटीतून सरळ आपल्या कपात पडतो.

डेल : पडू दे की! पाच काउंट्यांमधली बेघरांसाठीची नऊ कामं, आणि त्यांचा क्रम लावतायत आत. त्यात एक तुझं, एक माझं. मला तर ऐकायला आवडेल.

आयली : म्हणूनच बाहेर काढलंय तुला. ज्याचं काम यादीत, त्यानं बाहेर. बाहेर म्हणजे कानांसकट बाहेर.

डेल : बघ ऑड्रा, नीट बघून ठेव. चर्चचं तळघर, त्यातलं स्वयंपाकघर, बघायला कुणी नाही, आणि तरी नियम पाळणारी बाई. म्हणून तर आठवा नंबर लागतो हिचा.

ऑड्रा : आठवा अजून ठरलेला नाही, मिस्टर ट्रस्कॉट! सोमवारी आले ते नुसते गुण. क्रम आज लागतोय. गुण वेगळे आणि क्रम वेगळा, आम्हाला प्रशिक्षणात दोनदा सांगितलंय.

डेल : आम्हाला म्हणजे कुणाला?

ऑड्रा : समितीला.

डेल : अस्सं. आणि समितीच्या सगळ्यात तरुण, सतरा वर्षांच्या सन्माननीय सभासद आज सभेत किती वेळ बसल्या?

ऑड्रा : चार मिनिटं.

डेल : चार! जाकिटाला इस्त्री करायलाच जास्त वेळ लागला असेल.

ऑड्रा : आईचं आहे ते. आणि लागला. बाह्या फार त्रास देतात.

आयली : शोभतंय तुला. पण आत मला 'श्रीमती लाह्ती' का म्हणालीस? मला वाटलं माझी सासू आली.

ऑड्रा : मग काय सगळ्यांसमोर 'मम्मू' म्हणू? समितीची सभासद अर्जदाराला आजी म्हणते, कसं दिसेल?

आयली : माझ्या घरांतली सगळी पोरं म्हणतात. दोन वर्षं आईबरोबर पाच नंबरच्या घरात राहिलीस तेव्हा तूही म्हणायचीस. तळलेल्या माशासाठी तर दिवसातून सहा वेळा.

ऑड्रा : म्हणूनच तर उठले ना मी! हॉलबर्गबाईंनी नियम वाचायला घेतला, 'ज्या सभासदाचा यादीतल्या एखाद्या घराशी संबंध आहे', की मी ताडकन उभी. खुर्ची पडली मागे. सगळे बघत होते, मम्मू! मला इतकं भारी वाटलं.

डेल : आम्हालाही वाटलं. खुर्ची माझ्या पायावर पडली.

आयली : मांस-बटाटा भरलेली पास्टी खा, डेल. गार होतेय.

डेल : खातोय. यात गाजर आहे. माझ्या आजीनं गाजराची पास्टी पाहिली असती तर खाणीतल्या माणसांना उपाशी पाठवलं असतं.

आयली : तुझी आजी कॉर्नवॉलची. ही फिनिश पास्टी आहे.

डेल : फिनलंडमध्ये पास्टी नसते, बाई! तुम्ही लोकांनी ती इथे येऊन आमच्याकडून उचलली आणि वर तिच्यात गाजर घातलं.

ऑड्रा : मम्मू, तू माझ्यावर रागावलीयस का?

आयली : कशाबद्दल?

ऑड्रा : माहितीये तुला. गुणपत्रकावर नावं नसतात, पण तू माझं अक्षर ओळखतेस.

डेल : कसलं अक्षर? काय दिलंस तू तिला?

ऑड्रा : 'घरं भरलेली असणं' या रकान्यात दहापैकी दोन.

डेल : दोन! माझ्याच पायावर खुर्ची पाडणाऱ्या मुली, ये, तुला मिठी मारतो.

ऑड्रा : हसू नका हो! पाच नंबर एकशे अठरा दिवस रिकामं होतं. खाली 'कारण' म्हणून एवढी मोठी चौकट होती, तीही कोरी. मी काय करणार होते?

आयली : काही नाही. बरोबर केलंस. मीही दोनच दिले असते.

ऑड्रा : मग तोंड असं का केलंयस?

आयली : तोंड असंच आहे माझं. अडुसष्ट वर्षं.

डेल : खरं आहे, मी साक्षीदार आहे. आण तो नियमाचा कागद इकडे, बघू तुम्ही लोक कशावर गुण कापता ते. हं... 'ज्या सभासदाचा यादीतल्या एखाद्या घराशी संबंध आहे'... अगं ऑड्रा.

ऑड्रा : काय?

डेल : तुम्ही पाच नंबर सोडून आपल्या घरी कधी गेलात?

ऑड्रा : मागच्याच्या मागच्या मार्चमध्ये. दीड वर्ष झालं.

डेल : मग या वाक्याचं पुढचं ऐक. 'असा संबंध गेल्या एका वर्षातला असल्यास त्याने बाहेर जावे.' एका वर्षातला!

ऑड्रा : नाही.

डेल : छापलंय.

ऑड्रा : म्हणजे मला उठायचंच नव्हतं? आणि मी वाक्य संपायच्या आत...

डेल : बाई अर्ध्या ओळीवर होत्या. स्वल्पविरामावर उठलीस तू.

ऑड्रा : अरे देवा! आईला सांगू नका. मम्मू, हसू नको ना!

आयली : हसत नाहीये. खोकला आहे.

डेल : आता बघ, आत सहाजण उरलेत. सातवं मत हिचं. सहाजण म्हणजे तीन आणि तीन, दुपारचं जेवण चुकणार. मी म्हणतो, ऑड्रा, आत जा आणि बस आपल्या जागेवर. चुकून उठले, म्हण.

आयली : नको.

डेल : नको काय? रेघ सातव्या नंबरखाली मारली जाणार आहे. रेघेवरच्यांना वॉशिंग्टनहून पैसे नक्की. खालच्यांना 'उरले तर'. आणि कधी उरलेत? मी सातवा, तू आठवी. तुझी नऊ घरं, त्यातली बारा माणसं, आणि तू वर चढलीसच तर माझ्या डोक्यावर पाय ठेवून. एवढं असून मीच सांगतोय तिला जा म्हणून, आणि तू नको म्हणतेस!

आयली : माझ्याशेजारी बसून पास्टी खाल्ली आणि मग उठून मत द्यायला गेली, हे बरं दिसणार नाही. तिच्यासाठी.

ऑड्रा : आणि मी गेले तर तुलाच मत देईन असं नाही हं, मम्मू.

आयली : आधीच ठरवून दिलंस तर कान उपटीन.

ऑड्रा : मग मला सांग. समिती म्हणून नाही, अशीच विचारतेय. पाच नंबर का रिकामं ठेवलंस?

आयली : ज्याची खोली त्याचं कारण. माझं नाही सांगायला.

डेल : हे घ्या! पाच नंबरातला आइनो तुमच्या त्या वाफेच्या न्हाणीच्या, सौनाच्या छपरावरून पडला, कमरेचं हाड मोडलं, हे आख्ख्या गावाला ठाऊक आहे. वर्तमानपत्रात यायचंच काय ते राहिलं!

आयली : गावाला ठाऊक असेल. मी सांगितलेलं नाही.

ऑड्रा : म्हणून चौकट कोरी?

आयली : त्याला आवडत नाही पडल्याचं बोललेलं. ऐंशी वर्षांचा आहे, छपरावर चढायला नको होतं, हे त्यालाही कळतं.

ऑड्रा : पण मम्मू, माणूस हॉस्पिटलात असला तरी नियम नव्वद दिवसांचा आहे. नव्वद झाले की घर यादीतल्या पुढच्या माणसाला.

आयली : नव्वदाव्या दिवशी गेले होते मी. किल्ली परत मागायला.

ऑड्रा : मग?

आयली : किल्ली त्यानं गळ्यात बांधली होती. नर्स म्हणाली, रोज वॉकर घेऊन दारापर्यंत जातो, किल्ली दाराला लावल्यासारखी करतो आणि परत येतो. त्यालाच व्यायाम म्हणतो.

ऑड्रा : आणि तू काय केलंस?

आयली : त्याच्याबरोबर तांदळाचं पुडिंग खाल्लं. परत आले.

डेल : कडक बाई! काउंटीतली सगळ्यात कडक बाई!

ऑड्रा : ते अठ्ठावीस दिवस कुणीतरी गाडीत झोपत होतं, मम्मू. मी झोपलेय गाडीत. पाय कधीच पूर्ण लांब करता येत नाहीत.

आयली : माहीत आहे.

ऑड्रा : म्हणजे, मी भांडत नाहीये, पण...

आयली : भांड. म्हणून तर म्हटलं, दोन बरोबर आहेत. एकाची किल्ली राहू दिली म्हणजे दुसऱ्याला दिली नाही. मला दोन्ही चेहरे दिसतात. चौकटीत काय लिहू?

डेल : आणि ही काही पहिली वेळ नाही हिची. त्या वर्षीसुद्धा...

आयली : डेल, पास्टी खा.

डेल : संपली.

आयली : मग दुसरी घे.

ऑड्रा : थांबा थांबा. कोणत्या वर्षी? मिस्टर ट्रस्कॉट, कोणत्या वर्षी?

डेल : मला गाजर आवडायला लागलंय अचानक.

ऑड्रा : कोणत्या वर्षी!

डेल : तुझी आई डुलुथला होती उपचारांना, तेव्हा. तू ग्रीन बेला मावशीकडे होतीस.

ऑड्रा : ते तर... पाच-सहा आठवडे होते ना?

आयली : पंधरा.

ऑड्रा : पंधरा?

आयली : आणि दोन दिवस. चौदा वर्षांची होतीस. त्या वयात आठवडे नीट मोजता येत नाहीत.

ऑड्रा : परत आलो तेव्हा माझी चादर तशीच होती. वर उशी, उशीवर ते भोक पडलेलं कापडी मांजर. खिडकीत मी भिजत घातलेली अव्होकाडोची बी होती आणि तिला मूळ फुटलेलं होतं. त्या ग्लासमधलं पाणी कुणी बदललं, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. मला वाटलं, सगळीकडे असंच असतं.

आयली : असंच असायला हवं.

डेल : त्या वर्षी नववा नंबर आला हिचा. शेवटून पहिली. मी चिडवून चिडवून जीव घेतला, पण बाई बोलल्या नाहीत. वरचं कुणीतरी काम सोडलं म्हणून वाचली. मला तरी कारण गेल्या ख्रिसमसला तुझ्या आईकडून कळलं.

आयली : झालं समाधान? आता खरंच आत जाता यायचं नाही तिला. मघापर्यंत नियमानं मोकळी होती पोर. आता तिला माहीत झालं.

ऑड्रा : मम्मू, टेबलाच्या टोकाची ती खुर्ची कुणाची असते?

आयली : कुठली?

ऑड्रा : जिच्यावर हॉलबर्गबाई पर्स ठेवतात.

डेल : ती पर्सचीच खुर्ची आहे. मी अकरा वर्षं बघतोय.

ऑड्रा : नाही! तिच्या पाठीला कागद चिकटवलाय. 'घरात राहिलेल्यांसाठी'. मी प्रशिक्षणाच्या वहीत वाचलं. अशा कुठल्याही घरात कधीही राहिलेल्या माणसाला क्रम पक्का व्हायच्या आधी तीन मिनिटं बोलता येतं. कधीही! त्याला वर्षाची अट नाही. आणि हे वाक्य मी पूर्ण वाचलंय.

डेल : कुणी बसलंय का कधी त्यावर?

ऑड्रा : पर्स.

आयली : त्या खुर्चीवर जो बसतो त्याला मत देता येत नाही.

ऑड्रा : माहितीये.

आयली : मत वर्षातून एकदाच देता येतं. महिनाभर शाळेतून परस्पर प्रशिक्षणाला जात होतीस. छातीवर नावाची पट्टी लावून माझ्याकडे दाखवायला आलीस. तुझं पहिलं मत आहे, ऑड्रा.

ऑड्रा : पुढच्या वर्षी देईन.

आयली : आइनोचं नाव काढायचं नाही.

ऑड्रा : नाही काढणार. माझं सांगेन. तूच म्हणालीस, ज्याची खोली त्याचं कारण. पंधरा आठवडे पाच नंबर माझ्यासाठी रिकामं होतं, म्हणजे ते कारण माझं आहे. हो की नाही?

(आयली फडकं घेऊन एक ताटली पुसायला लागते.)

ऑड्रा : मम्मू?

आयली : कॉलर आत गेलीय तुझी. इकडे ये.

ऑड्रा : आणि गाडीतलंही सांगणार. दोन्ही सांगणार, फक्त चांगलं नाही. मग त्यांनी ठरवू दे. मिस्टर ट्रस्कॉट, ही माझी पट्टी धरा.

डेल : माझ्याकडे देतेस? मी विरुद्ध पक्ष आहे.

ऑड्रा : तुम्ही रेघेखाली जाल कदाचित.

डेल : माझ्या कामातली पोरं भाड्याच्या घरांत आहेत. खाली गेलो तर चौदा घरमालकांच्या दारात जाऊन गयावया करीन, तो तर माझा आवडता खेळ आहे. हिच्या घराला कुलूप लागलं तर ही कुणाच्या दारात जायची नाही. जा तू. आणि वाक्यं पूर्ण कर.

(ऑड्रा आत जाते. दार लागतं. नळ चालूच.)

डेल : हातातलं फडकं ठेव आता. तीच ताटली तिसऱ्यांदा पुसतेयस.

आयली : ओली होती.

डेल : कशानं?

आयली : तू त्या फटीला डोळा का लावलायस?

डेल : कानांसकट बाहेर म्हणालीस. डोळ्यांचं बोलली नाहीस.

आयली : डेल ट्रस्कॉट, ये इकडे.

डेल : टेबलाच्या टोकाशी उभी आहे. काहीतरी म्हणाली. हॉलबर्गबाई चष्मा वर करतायत... कागद उलटा करून वाचतायत... आयली!

आयली : काय?

डेल : पर्स उचलली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आता ती कुठे ठेवावी ते कळत नाहीये त्यांना. मांडीवर घेतली. पोरगी बसली बघ.

आयली : ताठ बसलीय का?

डेल : खुर्चीच्या अगदी कडेला. हात मांडीखाली घातलेत.

आयली : घाबरली की तसंच बसते. स्वयंपाकघरात, माझ्या समोर, पहिल्या दिवशी तशीच बसली होती.

डेल : बोलायला लागली.

आयली : डेल.

डेल : हो हो, लावतो फळी. नियम म्हणजे नियम.

आयली : नळ बंद कर.