बचावाची बॅट आणि काचेचं दार

हसा खुशाल, पण माझ्या नव्या बॅटला नावं ठेवू नका. टेबल टेनिसमध्ये माझा खेळ बचावाचा, म्हणजे पोट सुटल्यापासूनचा. टेबलापासून चांगलं लांब उभं राहायचं, समोरच्याला स्मॅश मारू द्यायचा आणि चेंडू खालून कापून परत पाठवायचा. त्याला ब्लेड, म्हणजे बॅटचं लाकूड, संथ लागतं. महिनाभर मी व्हिडिओ पाहिले, दुकानात लाकडं ठोकून कानाला लावली, जेवताना बायकोला मुठींचे प्रकार समजावले.

एवढ्या अभ्यासात एकच गोष्ट बघायची राहिली. पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसात टेबलामागे जेमतेम दोन हात जागा आहे, आणि मग काचेचं दार.

ऑफिसच्या स्पर्धेत समोर आला श्रीनिवास राव. मूळचा तंजावूरचा, घरी मराठीच बोलतो. म्हणाला, "सर, मागे जागाच नाही की हो!"

"दार उघडं ठेवू," मी म्हटलं आणि दाराला खुर्ची लावली.

शेवटच्या पॉइंटला त्याने स्मॅश हाणला. मी मागे मागे थेट पॅसेजमध्ये गेलो आणि तिथून असा कापला की चेंडू तरंगत आत निघाला. आयुष्यातला सर्वोत्तम शॉट! पण त्या नादात माझा पाय लागून खुर्ची सरकली आणि दार बंद झालं. आमचं दार कार्डाशिवाय उघडत नाही, आणि माझं कार्ड आत, बॅटच्या कव्हरात.

रावने चेंडू हळूच माझ्या बाजूला टाकला, निवांत दारापाशी आला आणि काचेपलीकडून म्हणाला, "सर, दार उघडू, की अजून थोडं मागे जायचंय?"