निम्मं जेवण

नवरा : सही कुठे करायची ते सांगा, डॉक्टर, आणि इंजेक्शन देऊन याला मोकळं करा. बघवत नाही आता.

डॉक्टर : आधी रक्ताचा रिपोर्ट ऐका.

नवरा : ऐकायचंय काय त्यात? पाच महिन्यांचं पिल्लू, बरगड्या मोजून घ्या. आणि खायला राक्षस!

बायको : खायला देता कुठे तुम्ही?

नवरा : दिलं की ढीगभर हगतं. पिवळं, तेलकट. म्हणून निम्म्यावर आणलं. पोटाला जरा विश्रांती नको? वीस वर्षं कुत्री पाळतोय मी!

डॉक्टर : तिथंच चुकलात. याचं स्वादुपिंड जन्मापासून नीट वाढलेलंच नाही. अन्न पचवणारा रस तिथून येतो, तो याच्याकडे जवळजवळ नाही. कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. त्यात तुम्ही निम्मं काढून घेतलंत.

बायको : मी चोरून घालत होते हो. तरी वाळतच चाललं. मला वाटलं, माझीच दृष्ट लागली.

डॉक्टर : दृष्ट कसली! त्या रसाची भुकटी मिळते. प्रत्येक जेवणात कालवायची, जन्मभर. बहुतेक पिल्लं बाळसं धरतात.

नवरा : जन्मभर? अहो, विकायचं पिल्लू आहे हे! कोण घेणार असलं?

बायको : मी घेतलं. झालं?

डॉक्टर : आणखी एक. हे आईबापांकडून येऊ शकतं. याच्या आईला आधी असं पिल्लू झालं होतं?

नवरा : नाही.

बायको : अहो!

नवरा : तू गप्प बस. परवा नर येतोय तिच्यासाठी. शब्द दिलाय मी.

बायको : खड्ड्यात गेला तुमचा शब्द! मागच्या वेळी झालं होतं, डॉक्टर. चिमणी म्हणायचो तिला. तिचीही हीच गत. यांनी जंत झाले म्हणून लंघन घातलं, त्यातच गेली.

नवरा : मला काय स्वप्न पडलं होतं? बरी व्हावी म्हणूनच केलं ना! जीव होता माझा तिच्यावर.

डॉक्टर : तेव्हा माहीत नव्हतं. आता झालं.

(नवरा टेबलावरच्या पिल्लाच्या पाठीवर हात ठेवतो.)

बायको : त्या नरवाल्याला काय सांगणार?

नवरा : येऊ नकोस म्हणून सांगतो. आता नर नाही लावायचा याच्या आईला, कधीच. डॉक्टर, ती चिमणी शेवटी रिकामं भांडं चाटत बसायची. मी म्हणायचो, खोड आहे. ती भूकच होती ना?

डॉक्टर : हो.

नवरा : भुकटी किती घालायची ते कागदावर लिहून द्या. जरा मोठ्या अक्षरात लिहा.