तळ्यामागची खाण

हॅलो?… हां आई, बोल. नाही गं, मी आत नाही, स्टेजमागच्या बोळात उभी आहे. कॉम्प्युटर गेमची फायनल सुरू झाली की खेळाचा नकाशा बनवणाऱ्याला आत सोडत नाहीत… हो, मीच बनवलाय, म्हणूनच सोडत नाहीत!

टिल्लू कसा दिसतोय टीव्हीवर, खेळताना?… केस विंचरलेत? नवलच.

काय?… कसलं तळं?

छे, तेच तळं कसं असेल? अगं, दर डावाला जमीन नवी पडते. डोंगर, जंगल, सोन्याच्या खाणी, सगळं कॉम्प्युटर नव्याने मांडतो, पत्ते पिसल्यासारखं. ज्याला आधी सोनं सापडेल त्याचं सैन्य आधी उभं. कुणालाच काही ठाऊक नको, त्याचाच तर मला पगार मिळतो… तळी काय, सगळी सारखीच दिसतात गं.

…बेडकासारखं? एक पाय तुटलेला?

थांब. थांब जरा. उजवीकडे तीन टेकड्या आहेत का?… चष्मा लाव आधी… अगं, मोज ना!

अगं आई गं.

नाही, नाही, तुझं काही चुकलं नाही. शुक्रवारी तू मटार सोलत होतीस आणि मी नि टिल्लू टेबलावर माझ्या लॅपटॉपवर खेळत होतो ना, तोच आहे हा. खाण सारखी तळ्यात बुडत होती, म्हणून मी पिसणं बंद करून तो एकच नकाशा धरून ठेवला होता. दुरुस्ती झाली की परत सुरू करायचं… विसरले. विसरले गं! खाण एकदाची तळ्यामागे सरकली, त्या आनंदात तसाच पाठवून दिला आजच्या खेळाला.

ओरडू नकोस. ऐक ना… त्याला खाण ठाऊक आहे, समोरच्या मुलीला नाही. सरळ तिकडे गेला तर म्हणतील, बहिणीनेच पेपर फोडला. माझी नोकरी जाईल, आणि त्याला परत कुणी स्पर्धेत बसू देणार नाही. चार वर्षं घाम गाळलाय गं त्याने!

त्याचा घोडेस्वार कुठे चाललाय?… निळा, निळा आपला!… तळ्याकडे?

टिल्लू, नको रे… काय? थांबला?… थांबला म्हणजे? कधीपासून?

हात वर केला? कुणी, त्याने?… हेडफोन काढला?… पंच आले? काय म्हणतोय? अगं, आवाज वाढव!

…परत सांग.

ताईच्या लॅपटॉपमध्ये चोरून बघितला?… असं म्हणाला? सगळ्यांसमोर?

खोटं बोलतोय तो! मीच खेळायला बसवलं होतं त्याला, तूच होतीस ना समोर! गाढव कुठला… मला वाचवतोय.

काय?… गप्प बसू?

…बसावंसं वाटतंय गं, आई. खरंच वाटतंय. त्याचीच भीती वाटतेय मला.

नाही. तू ठेव आता. रडू नकोस, ठेव… अहो! अहो, दार उघडा! हो, बंदी आहे, माहीत आहे… नकाशा मी केलाय! त्याने काही चोरलं नाही, मीच दाखवला… उघडा म्हणते ना! मी त्याची बहीण…